कोपऱ्यातल्या खोलीचा टीव्ही

१

"आत्या, बाबांचा पेनड्राइव्ह गेला!"

भाची दारात उभी होती. एका पायात हॉटेलची सपात, दुसरा पाय अनवाणी, आणि चेहरा असा की घर जळाल्याची बातमी घेऊन आली आहे. आत्या तेव्हा खोलीत येरझारा घालत होत्या. त्यात नवल काही नव्हतं. ही पोर पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली, असं त्यांची आई म्हणायची, आणि पुढे घरात 'भिंगरी' हेच नाव पडलं. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात त्यांचा उभा जन्म गेला, तोही उभ्यानेच. खुर्चीत टेकलं की त्यांचं डोकं चालायचंच बंद होई.

"गेला म्हणजे? पडला असेल कुठेतरी."

"टीव्हीच्या मागच्या खाचेत लावलेला होता. आता नाही. गाद्या उलथ्यापालथ्या केल्या, पडदे झटकले. आत्या, तो चोरलाय कुणीतरी. आणि कुणी ते मला ठाऊक आहे."

आत्या जागच्या जागी थबकल्या. कारण त्या इवल्याशा काडीत काय होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांचे थोरले भाऊ, दादा, गाऊन गोष्ट सांगत. पेटीवर एक हात, दुसरा हात हवेत, आणि समोर बसलेली माणसं देवळात बसावीत तशी. देवाने गळा दिला होता आणि दादाने तो देवाच्याच कामी लावला होता. मग गळ्यात गाठ आली, डॉक्टरांनी ती काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली नुसती हवा. तीही वापरायची नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद.

दादा आयुष्यभर म्हणत आले, गोष्ट ऐकायची तर समोर येऊन ऐका. ध्वनिमुद्रण करू दिलं नाही. फक्त एकदा एका श्रोत्याने तिसऱ्या रांगेतून एक कथा चोरून टिपली आणि पुढे ती आणून दिली. हरवलेल्या मुलाला दारात उभी राहून हाक मारणाऱ्या आईची कथा. त्या हाकेला दादाचा आवाज असा वर चढे की सभागृहाच्या छताला जाऊन भिडे. तेवढाच आवाज जगात शिल्लक होता. त्याची प्रत काढायलाही दादाची बंदी होती. ज्या गावी जातील त्या गावच्या हॉटेलात दादा आधी टीव्हीची मागची बाजू चाचपत, पेनड्राइव्ह खोचत, आणि पलंगावर बसून स्वतःला ऐकत.

"कुणी चोरला म्हणतेस?" आत्यांनी विचारलं.

"बाबांच्या त्या लाडक्या शिष्याने. आज संध्याकाळी पहिल्यांदा बाबांच्या गादीवर बसायचंय ना त्याला! लोकांनी त्याची तुलना करू नये म्हणून मूळच नाहीसं केलं. मी सांगून ठेवते आत्या, सभागृहाकडे न्यायला गाडी यायच्या आत पेनड्राइव्ह मिळाला नाही तर मी आयोजकांना फोन करणार. कार्यक्रम रद्द. तो त्या गादीवर बसणार नाही, आजही नाही आणि पुढेही नाही."

२

कोपऱ्यातल्या खोलीत नुसता गोंधळ माजला होता. चादरी जमिनीवर, उशा खुर्चीवर, भाची पलंगाखाली टॉर्च मारतेय, जावईबापू बाथरूममधला कचऱ्याचा डबा उपसतायत. खिडक्या कायमच्या बंद, वातानुकूलन यंत्राची घरघर, आणि त्यात प्रत्येकाची धडपड. एकटे दादा तेवढे पलंगाच्या काठावर बसून होते. हात मांडीवर, नजर गालिच्यावर.

"दादा, कधी दिसेनासा झाला?"

दादाने मान हलवली. ना हो, ना नाही.

"सकाळी तो इथे आला होता," भाची म्हणाली. "मी कोमट पाण्याचा थर्मास भरून ठेवला, तेव्हा टीव्हीवर बाबांची कथा चालू होती. नंतर परत आले तर हा दारातून मागे वळत होता. बाबा, आला होता ना तो आत?"

दादा गप्प. म्हणजे गप्प ते असणारच. पण मानही हलली नाही.

आत्या टीव्हीजवळ गेल्या. रिमोट उचलून टीव्ही चालू केला. निळा पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली: 'तुमचा फोन जोडण्यासाठी तयार.'

"हे काय गं?"

"आपल्या फोनवरचं या मोठ्या टीव्हीवर बघता येतं, त्याचं आहे ते. पण बाबांकडे कुठाय तसला फोन? त्यांचं ते बटणांचं डबडं."

"मग टीव्ही या पानावर आला कसा? दादाने तर पेनड्राइव्ह लावला होता."

"तुम्ही पण ना आत्या! चोर शोधायचा सोडून टीव्ही कसला बघताय?"

आत्यांनी टीव्ही तसाच चालू ठेवला आणि जावयाला खुणेने बाहेर बोलावलं.

३

जावईबापूंचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं आणि तोंड त्याहून मोठं होतं. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून ते म्हणाले, "आत्याबाई, आधीच सांगतो. ही कथा इंटरनेटवर टाकू द्या म्हणून मी सासऱ्यांच्या मागे लागलो होतो, हे खरं. त्यांनी मला झाडलं, हेही खरं. पण चोरून नेऊन मी ती टाकणार कुठे? दुसऱ्या दिवशी जगाला दिसेल की! आणि घरी तुमची भाची आहे."

"तेही आहेच. सकाळी कुठे होतात?"

"माझ्या खोलीत, यांच्या भिंतीपलीकडे. दाढी करत होतो. भिंती कागदाच्या आहेत इथल्या. शिंकलं तरी शेजारचा 'शतंजीव' म्हणेल. कथा सगळी ऐकू येत होती. आता तर ती मला झोपेत पाठ आहे."

"काही वेगळं वाटलं आज?"

जावई हसले. "वेगळं काय असणार? तेच ते. हां, एक झालं. ती हाक येते ना, तिथे मी रोज वस्तरा गालापासून लांब धरतो. दचकून कापेल म्हणून. आज धरला, तर हाक आलीच नाही तशी. हळू आली. म्हटलं, सासऱ्यांनी आवाज कमी केला वाटतं शेजाऱ्यांसाठी."

आत्यांचा हलणारा पाय थांबला. "आणि पेटी? पेटीही हळू झाली?"

"नाही... पेटी होती तेवढीच. उलट जरा मोठीच."

"रिमोटवर असं बटण असतं का हो, जावईबापू, की आवाज बारीक व्हावा आणि पेटी तशीच राहावी?"

"नसतं तसलं बटण," जावई कपाळाला आठी घालून म्हणाले.

तेवढ्यात खोल्या आवरणारी बाई ढकलगाडी घेऊन आली. जावयांनी लगेच मोर्चा वळवला. "हिची पिशवी बघायला हवी."

"बघा की!" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "डबा आहे, छत्री आहे, आणि सासूचं औषध आहे. औषध घ्या तुम्ही, फार कडू आहे. तोंडाला बरं."

आत्यांना हसू फुटलं. "राहू द्या हो. त्यांचं डोकं फिरलंय जरा. बाई, कोपऱ्यातल्या खोलीत गेला होतात तुम्ही?"

"गेले होते. आजोबा खुर्चीत बसलेले. मी नमस्कार केला, त्यांनी रोजच्यासारखा हात वर नाही केला. म्हटलं बरं नसेल. चादर बदलली. किटली हाताला लागली तर ही गरम! म्हटलं चला, आज आजोबांनी चहा घेतला, नवी पाकिटं ठेवूया. बघते तर पाकिटं सगळी जागेवर. नुसतं पाणी प्यायले असतील."

"असतील," आत्या म्हणाल्या. पण भाचीने भरून ठेवलेला थर्मास त्यांना आठवला. कोमट पाणी हाताशी असताना दादाने किटली कशाला लावली?

४

लिफ्टजवळच्या खोलीत शिष्य बॅग भरत होता. तिशी उलटलेला, शाळेत गणित शिकवणारा, आणि दादाच्या पायाशी निम्मं तारुण्य घालवलेला माणूस. जावई त्याला 'पोपट' म्हणत, कारण तो दादाचा प्रत्येक स्वर, प्रत्येक हातवारा, मधला खोकलासुद्धा जसाच्या तसा करी. दादाची शिकवणच तशी होती. आवाज गेल्यापासून ते एकच रेकॉर्डिंग लावायचं, त्याला समोर बसवायचं, आणि जरा फरक पडला की काठी आपटायची.

"निघालास कुठे?"

"घरी. ताई म्हणाल्या, चोराने गुरुजींच्या गादीला हात लावायचा नाही." त्याने सदरा कोंबला, काढला, पुन्हा घडी घातली, पुन्हा कोंबला. "आत्याबाई, मी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. आशीर्वाद मागायला गेलो होतो. गुरुजींनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि लावून घेतलं. माझ्या तोंडावर. इतक्या वर्षांत असं कधी नाही."

"कसं बघितलं?"

"जसं... परक्याकडे बघतात तसं. आणि मघाशी ताईंनी मला समोर उभं करून विचारलं, हा आत आला होता का, तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत हो. नुसती मान हलवली असती! तेवढंच लागलं मला. बाकी चोर म्हणा, काही म्हणा."

लिफ्ट खडखडत वर आली आणि भिंत थरथरली. आत्या दचकल्या. "देवा! या खोलीत झोपलास तरी कसा?"

"ही गुरुजींची खोली होती. मला कोपऱ्यातली दिली होती. खाली काउंटरवर सगळं लिहून झालं, खोलीच्या टीव्हीला माझा फोनही जोडून झाला, आणि वर आल्यावर गुरुजींना लिफ्टचा आवाज सोसेना. म्हणून आम्ही पॅसेजमध्येच चाव्या बदलल्या. खाली सांगायला कोण जातंय परत?"

आत्या टीव्हीकडे वळल्या. "तू सकाळी टीव्ही बघितलास?"

शिष्याची मान खाली गेली. "चोरीचंच म्हणाल तर माझी एक चोरी आहे. मी ती कथा माझ्या पद्धतीने करून बघितली होती, घरी, दार लावून. फोनवर टिपलीये. म्हटलं आज कार्यक्रम आहे, एकदा मोठ्या पडद्यावर बघावं कसं दिसतं. फोनवर दाबलं. फोन म्हणतो, 'टीव्हीवर चालू आहे.' आणि टीव्ही कोरा. दोनदा केलं. शेवटी नाद सोडला."

"पण फोनवर ते चालूच राहिलं?"

"शेवटपर्यंत. मी फोन ठेवून आंघोळीला गेलो."

आत्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग म्हणाल्या, "बॅग तशीच राहू दे. मी कोपऱ्यातल्या खोलीत जाते. मी गेले की तेच पुन्हा लाव."

५

कोपऱ्यातल्या खोलीत भाची फोन हातात घेऊन आयोजकांचा नंबर शोधत होती. दादा तसेच बसलेले. निळा पडदा तसाच उजळलेला.

एकाएकी तो काळा झाला, आणि त्यावर शिष्याचा चेहरा आला.

"अगं बाई!" भाचीच्या हातून फोन पडायचा राहिला.

शिष्य मांडी घालून बसला होता, पुढ्यात पेटी. कथा तीच. पण हातवारे नव्हते, खोकला नव्हता. आई दाराशी येऊन उभी राहिली. आणि जिथे दादाचा आवाज छताला भिडे, तिथे या पोराने हाक मारली ती अगदी हळू. मुलगा लांब कुठे गेलेलाच नाही, आतल्या खोलीत आहे, पान वाढलंय, ये, अशी. वर्षानुवर्षं हाका मारून झालेली आई अशीच हाक मारेल, दुसरी कशी मारेल? पेटी तेवढी मोठ्याने रडत राहिली.

आत्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. डोळे कधी भरले ते कळलंच नाही.

पलीकडून भिंतीवर थाप पडली आणि जावयांचा आवाज आला, "हाच! हाच तो आवाज, सकाळचा!"

आत्यांनी भावाकडे पाहिलं. दादाने तोंड फिरवून डोळे मिटून घेतले होते.

"जरा बाहेर जा गं," आत्या भाचीला म्हणाल्या.

"पण आत्या, हे इथे कसं..."

"फोन या खोलीच्या नावावर जोडलेला, आणि माणसं चाव्या बदलून बसली. त्याने आपल्या टीव्हीवर लावलं, दिसलं दादाला. जा. आणि तो फोन कुणाला करू नकोस इतक्यात."

दार लागलं. आत्या भावासमोर उभ्या राहिल्या, आणि मग, कधी नव्हे त्या, त्याच्या शेजारी टेकल्या.

"दादा, मी नोकरीत पुष्कळ लुटलेली माणसं बघितली. खरंच ज्याचं गेलंय ना, त्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. तोच खण तीनदा उघडतो, स्वतःचाच खिसा पुन्हा पुन्हा उलटा करतो. आज या मजल्यावर सगळे सैरभैर झालेत. मी, तुझी पोर, जावई, तो बिचारा बॅग भरणारा. स्वस्थ आहेस तो तू. तुझा आवाज गेला आणि तू उशीसुद्धा उचलून बघितली नाहीस."

दादाची हनुवटी छातीला लागली.

"तू तुझी कथा बघत होतास. मधेच तो आला पडद्यावर. आधी राग आला असेल, काठी आपटावीशी वाटली असेल. मग ती हाक आली." आत्या थांबल्या. "त्यानंतर तुला स्वतःचं ऐकवेना. खरं ना? म्हणून काढलास तो खाचेतून. तुला चहा चालत नाही, पिण्याचं पाणी थर्मासमध्ये होतं, आणि किटली मात्र गरम होती. पेनड्राइव्ह उकळलास तू, दादा?"

दादा उठले. कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन त्यांनी किटलीचं झाकण उघडलं. तळाशी ती काडी पडलेली होती, प्लास्टिकचं कवच वाकडं होऊन उसवलेली.

"ते तुझं होतं. उकळ, नाहीतर फेकून दे, मला विचारायचा काय अधिकार! पण त्या पोराला चोर म्हणत होते, आणि तू मान हलवली नाहीस. का, सांगू? तो घरी गेला असता तर ती हाक कुणालाच ऐकू गेली नसती. वाटलं असेल तसं, क्षणभर. माणूस आहेस. देवसुद्धा तेवढा क्षण धरून बसत नाही रे. पण गाडी येईल आता. आणि हे मी बाहेर जाऊन सांगणार नाही. मला गळा आहे म्हणून तुझं काम मी करायचं नाही."

६

पॅसेजमध्ये सगळे उभे होते. शिष्य बॅग घेऊन लिफ्टची वाट बघत होता. भाची त्याच्याकडे पाठ करून, जावई दोघांच्या मधे.

दादा किटली हातात घेऊन बाहेर आले. सरळ शिष्यासमोर गेले आणि किटली पुढे केली. त्याने आत वाकून पाहिलं. भाचीने पाहिलं.

"बाबा! कुणी केलं हे?"

दादाने तोंड उघडलं.

"बाबा, बोलू नका! डॉक्टरांनी..."

"मी," दादा म्हणाले. आवाज नव्हताच, दाराच्या फटीतून वारा यावा तसं काहीतरी आलं. "मीच केलं." मग गळ्यावर हात दाबून, शिष्याकडे बघत, "ती... हाक. तुझी. मला... नाही आली कधी तशी."

बापाचा आवाज कायमचा गेला होता, आणि उरलेल्या वाऱ्यात तो हे सांगत होता. भाचीने शिष्याकडे वळून हात जोडले.

जावई चाचरत म्हणाले, "कधीकधी वाळवून चालतात हो हे. मी प्रयत्न करीन..."

दादाने मानेने नाही म्हटलं. या वेळी स्पष्ट.

शिष्याने बॅग खाली ठेवली. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, रिकामी खाली गेली.

"गुरुजी," तो म्हणाला, "मघाशी मला चोर म्हणाले तेव्हा तुम्ही गप्प बसलात. ते विसरायला मला वेळ लागेल. आज नाही व्हायचं."

दादाने मान लववली.

"मी बसणार आज गादीवर. पण तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं नाही. तुम्ही समोर असलात की माझे हात तुमच्यासारखे व्हायला लागतात. मागे बसा. अगदी मागे."

"अरे, काय बोलतोस!" जावई कळवळले. "बाबा आणि मागे?"

पण दादा कधीच खोलीत वळले होते, अंगावर शाल घ्यायला.

संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. आयोजक पहिल्या रांगेतली खुर्ची दाखवत धावत आले, त्यांना आत्यांनी गोड बोलून परतवलं. शेवटच्या रांगेत, खांबाआड, दोघं भावंडं बसली. तिथून मंच हाताच्या तळव्याएवढा दिसत होता. पेटीचा पहिला स्वर आला तसे दादा अस्वस्थ झाले. शाल काढली, घातली, मान उंच केली, खांबाच्या या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं, नवखे दिसतात. त्यांनी जरा सरकून जागा करून दिली आणि हळूच विचारलं, "यांना आधी कधी ऐकलंय का हो तुम्ही?"

दादाने मंचावरून नजर न काढता मान हलवली. नाही.